कॅनमधलं पाणी

मराठवाड्यातल्या चाळिशी उलटलेल्या कुठल्याही पुरुषाला विचारून बघा, पोहायला कसं शिकलात? उत्तर ठरलेलं. "कसं म्हंजे? ढकलून दिलं!" कुणाला चुलत्यानं ढकललेलं असतं, कुणाला आज्यानं, कुणाला थोरल्या भावानं. मग दोन-चार गटांगळ्या, नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढं अंधारी, आणि हातपाय मारता मारता आपोआप आलं. ही गोष्ट मी माहेरी ऐकली, सासरी ऐकली, ऑफिसात ऐकली, लग्नाच्या पंगतीत ऐकली. ढकलणारा बदलतो, बाकी मजकूर तोच.

लेकीला लातूरच्या जलतरण तलावावर घालायचं ठरलं तेव्हा माझा थोरला भाऊही फोनवर हेच बोलला. "फिया भरून कुठं पवायला शिकत असतेत का? सुट्टीत घिऊन ये गावाकडं. एकदा हिरीत ढकलली की झालं. मला नानानं असंच ढकललं होतं."

दादाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पण नानांनी त्याला ढकललं त्या दिवशी मी तिथं होते. त्याच्या आधीचे सगळे दिवसही होते. मला पाण्यात उतरायची परवानगी नव्हती, त्यामुळं बघत बसण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता, आणि जे पाण्यात होते त्यांच्यापेक्षा मला जास्त दिसलं.

आमची विहीर औसा तालुक्यातली, काळ्या दगडात फोडलेली, सात परस खोल. एका अंगाला मोटेची जुनी धाव आणि मोटेचं पाणी पडायचं ते थारोळं. मोट कधीच गेली, तिच्या जागी पाण्याची मोटर आली होती. दुसऱ्या अंगाला भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी पायऱ्या. शेवटची पायरी कायम ओली आणि शेवाळानं हिरवी. मे महिन्यात शाळा सुटल्या की गल्लीतली सगळी पोरं दुपारी तिथं. आम्ही बहिणी धुणं घेऊन थारोळ्यापाशी बसायचो. "पोरीच्या जातीला पवायला शिकून काय करायचंय, पाणी शेंदायला येतंय की," हे आजीचं म्हणणं. त्यावर घरात कुणी दुसरं बोललेलं मला आठवत नाही.

नाना म्हणजे आमचे धाकटे चुलते. गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनीच पोहायला शिकवलं. त्यांच्या लहानपणी पाठीला सुकलेला भोपळा नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधत. नंतर तोंडाला डाख लावून बंद केलेले तेलाचे पत्र्याचे डबे आले. आमच्या वेळी पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन होता. सुरुवातीचे दिवस तर पोहणं नव्हतंच. पायरीवर बसायचं, गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात सोडायचे आणि हलवायचे. मग पायरीला दोन्ही हातांनी धरून पोटावर आडवं व्हायचं. मग पाठीला कॅन, कमरेला सोल, म्हणजे दोर, आणि सोलाचं दुसरं टोक नानांच्या मुठीत. पोरगं पाण्यात धडपडायचं आणि नाना काठानं चालत राहायचे. सोल कधी ताणायचा, कधी सैल सोडायचा हे ते पोराच्या तोंडाकडं बघून ठरवत.

आणि दर दोन-तीन दिवसांनी ते एक गोष्ट करत. पोरं कपडे काढून आरडाओरडा करत असताना नाना कॅनचं बूच काढायचे, तांब्याभर पाणी आत ओतायचे, बूच आवळायचे आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं कॅन पोराच्या पाठीला बांधायचे. पाच लिटरचा रिकामा कॅन पाण्यात जवळजवळ पाच किलोचा भार उचलून धरतो. अडीच लिटर पाणी आत गेलं की निम्माच. पोराला वाटायचं कॅन आहे. आणि कॅन असायचाही. फक्त दर खेपेला थोडा थोडा कमी असायचा. असं करत करत एक दिवस तो जवळपास भरलेला, म्हणजे असून नसल्यासारखा झाला. दादा त्या कॅनसकट विहिरीला चकरा मारत होता. दुसऱ्या दिवशी नानांनी कॅन बांधलाच नाही आणि पाठीत हात घालून ढकललं. खाली थोरला चुलतभाऊ आधीच पाण्यात उतरून उभा पोहत होता. त्याला तिथं कुणी आणि कशाला उतरवलं हे दादानं आजतागायत विचारलेलं नाही.

त्याला आठवतो तो धक्का. साहजिक आहे, गोष्ट धक्क्याचीच होते. तांब्याभर पाण्याची कुणी पंगतीत सांगत नाही. शिवाय ज्यांना खरंच कॅन नव्हता, सोल नव्हता आणि ढकलल्यावर आलं नाही, ते ही गोष्ट सांगायला पंगतीत नसतात.

लेकीला शिकवायचं म्हटल्यावर माझ्यापुढं हा नमुना होता. आधार द्यायचा, पण तिच्या नकळत पातळ करत जायचा. अडचण एवढीच की मला स्वतःला पोहता येत नाही.

आता लातूर आणि जलतरण तलाव हे दोन शब्द एका वाक्यात आले की बाहेरगावचे लोक हसतात, हे मला माहीत आहे. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या शहराला रेल्वेनं पाणी आलं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून १४४ कलम लागलेलं. मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून पहिली गाडी आली ती दहा वाघिणींची, साधारण पाच लाख लिटरची. पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, पंचवीस लाख लिटरच्या. मला आकडेमोडीची खोड आहे. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात ४ लाख ६८ हजार ७५० लिटर पाणी मावतं. म्हणजे सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलेली ती पहिली गाडी एक लहान तलाव जेमतेम भरू शकली असती. आणि ऑलिंपिकचा ५० बाय २५ मीटरचा, दोन मीटर खोल तलाव घेतला तर बरोबर पंचवीस लाख लिटर. पन्नास वाघिणींची एक गाडी.

तलावातलं पाणी रोज बदलत नाहीत, तेच गाळून, क्लोरीन टाकून फिरवत राहतात. उन्हात उडून जातं तेवढी भर घालावी लागते. हे मी शेजारपाजारी बऱ्याच जणांना समजावून सांगितलं. तरी ज्या शहरात हंड्यासाठी रात्री जागून काढल्या त्या शहरात पोरीला पोहायच्या क्लासला घालताना मनात थोडं खात होतंच. ते अजून पूर्ण गेलेलं नाही.

पण त्या वर्षांनी आणखी एक गोष्ट केली, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. विहिरी आटल्या आणि बोअर आले. आधी दोनशे फूट, मग चारशे, मग सहाशे-आठशे. साडेसहा इंची बोअरमध्ये कोण पोहणार? आमच्या विहिरीच्या तळाला कितीतरी उन्हाळे भेगाळलेला गाळ आणि मेलेल्या कासवाची पाठ एवढंच दिसायचं. नाना थकले. ज्यांनी शिकवायचं ते आणि जिथं शिकायचं ते, दोन्ही एकदमच गेलं. आज गावाकडच्या पंधरा-वीस वर्षांच्या पोरांत पोहता येणारी मोजकीच आहेत. आणि नेमकं आता गावात पाणी आलंय, ते दुसऱ्याच रूपात. त्याकडं येतेच.

तलावावर लेडीज बॅच संध्याकाळची. सकाळची सहाची बॅच आम्ही आधी घेऊन बघितली, पण मार्चच्या सुरुवातीला पाणी इतकं गार असायचं की दहा मिनिटांत लेकीचे ओठ निळे पडून दात वाजायला लागायचे. लहान मुलांच्या अंगातली ऊब मोठ्यांपेक्षा लवकर जाते. कुडकुडणाऱ्या पोराच्या डोक्यात काही शिरत नाही. बॅच बदलली आणि निम्मी भीती पाण्याची नव्हती, गारठ्याची होती हे कळलं.

शिकवणाऱ्या मॅडम कमी बोलणाऱ्या. पहिले बरेच दिवस त्यांनी पोहण्याचं नावही काढलं नाही. साडेतीन फुटांच्या बाजूला पोरींना उभं करायचं, तोंड पाण्यात घालून फुगे काढायला लावायचं, तळाला टाकलेले स्टीलचे चमचे वेचायला लावायचं. कठड्यावरच्या आया अस्वस्थ. एवढे पैसे भरले ते काय फुगे काढायला? मला मात्र ते बघताना नानांची शेवटची पायरी आठवत होती.

श्वासाचं गणित पोहण्यात सगळ्यात उलटं आहे. जमिनीवर आपण श्वास घेण्याकडं लक्ष देतो, सोडणं आपोआप होतं. पाण्यात सोडण्याकडं लक्ष द्यावं लागतं. नवखं पोरगं तोंड पाण्यात घालताना छाती भरून हवा घेतं आणि कोंडून धरतं. मग जीव घाबरा होतो, आणि तो प्राणवायू संपला म्हणून नव्हे. आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो, शरीर त्यावर बोंब मारतं. मग पोरगं डोकं वर काढतं, आता सोडू की घेऊ अशी गडबड होते, आणि नेमकं तेव्हाच पाणी आत जातं. पाण्याखाली नाकातोंडातून हळूहळू हवा सोडत राहिलं तर वर आल्यावर फक्त घ्यायचंच काम उरतं.

हे मॅडमनी सांगितलं, लेकीला पटलंही, पण तोंड पाण्यात गेलं की ती सगळं विसरायची. घरी मी न्हाणीघरात बादली भरून ठेवली. पाण्यात तोंड घालून ओठ मिटून गुणगुणायचं. गुणगुणलं की नाकातून हवा बाहेर येत राहते आणि पाणी आत शिरत नाही. काय गुणगुणायचं यावर वाद झाला. शेवटी बेचा पाढा ठरला. बादलीतून बुडबुड बुडबुड असा बेचा पाढा येतोय आणि बाहेर माझ्या सासूबाई "अगं त्या लेकराला काय करायलीस?" म्हणून दार ठोठावताहेत, असे ते दिवस. आधी बे त्रिक सहाच्या पुढं गाडी जायची नाही. मग बे पंचे दहा. ज्या दिवशी एका दमात बे दाही वीस झालं, त्या दिवशी तिनं स्वतःच विचारलं, आता तिनाचा म्हणू का?

एक धोका इथंच सांगते. विहिरीवर पोरं बुडी मारून कोण जास्त वेळ राहतं याची पैज लावत, आणि त्याआधी भराभर मोठे श्वास घेत. तसं केलं की कार्बन डायऑक्साइड कमी होतो, धोक्याची घंटाच वाजत नाही, आणि पोरगं पाण्याखाली गुपचूप बेशुद्ध पडतं. लेकीला मी हा खेळ साफ मना केलाय. श्वास सोडायची सवय हवी, कोंडायची पैज नको.

मग तरंगणं. मॅडम म्हणाल्या, आईला उतरायचं असेल तर उतरू दे, साडेतीन फुटातच आहे. मी उतरले, आयुष्यात पहिल्यांदा कमरेच्या वर पाण्यात. पायाखालच्या फरश्या गुळगुळीत, कानात सगळ्यांचे आवाज घुमणारे. लेक उताणी, माझा एक हात तिच्या डोक्याखाली, एक कमरेखाली. ती ताठ. मान आखडलेली, पोट आत ओढलेलं, डोळे छताच्या पत्र्यावर खिळलेले. नऊ वर्षांच्या पोरीचं डोकं चारेक किलोचं असावं, ते सगळंच्या सगळं माझ्या तळहातावर. मॅडम लांबून म्हणाल्या, "कान बुडू दे. कान बुडाले की मान सुटते." ती कान बुडवायला तयार नव्हती, पाणी कानात जाऊन मेंदूत जातं असं तिला वर्गातल्या कुणीतरी सांगितलेलं.

तो दिवस तसाच गेला. पुढचेही. मी फक्त हात ठेवत होते. मग एका संध्याकाळी बोलता बोलता, शाळेतल्या कुठल्यातरी भांडणाची हकिगत ऐन रंगात आलेली असताना, तिचे कान पाण्याखाली गेले. तिला स्वतःला ऐकू येईना म्हणून ती जरा मोठ्यानं बोलायला लागली एवढंच. आणि माझ्या तळहातावरचं वजन उतरायला लागलं. आधी मान हलकी झाली, मग खांदे. शेवटी तिचे केस फक्त बोटांना लागत होते. मी कमरेखालचा हात काढला. डोक्याखालचा एक वीत खाली नेला, तिथंच ठेवला. हकिगत चालूच होती.

छाती भरलेली असली की माणूस पाण्यापेक्षा किंचित हलका असतो. श्वास पूर्ण सोडला की किंचित जड. इतक्या बारीक फरकावर सगळं चाललेलं असतं. आणि हवा छातीत असते, पायांत नसते, म्हणून पाय खाली जायला बघतात. डोकं जितकं वर काढाल तितके पाय जास्त बुडतात. गंमत म्हणजे कठड्यावरच्या पालकांची आवडती आरोळी कोणती? "मान वर काढ! मान वर!" पोरगी बिचारी आईचं ऐकून मान वर काढते, पाय तळाकडं जातात, ती उभी होते आणि बुडायला लागते. मग आई आणखी जोरात ओरडते. मला वाटतं तलावावर पालकांना शांत बसवायला एक वेगळा कोच ठेवायला पाहिजे. पोराला आधीच पाण्याचा आवाज, शिट्टीचा आवाज, मॅडमचा आवाज. त्यात आपला कशाला? दंडाला बांधायच्या हवेच्या फुग्यांवर मॅडमचा राग होता तोही याच कारणानं. ते फुगे पोराला पाण्यात उभं धरतात, आणि पोहायला तर आडवं व्हावं लागतं.

आडवं होऊन हातपाय मारता येणं आणि नीट पोहता येणं यात मात्र भलतंच अंतर निघालं. पहिलं एका उन्हाळ्यात झालं. दुसरं अजून चालू आहे. फ्रीस्टाइलमध्ये लेक पाय मारायची पण जागची हलायची नाही, दमून जायची. पाय कमरेपासून हलवायचे असतात, गुडघा जेमतेम वाकतो. हे मॅडमनी शंभरदा सांगून झालं होतं. मी त्यांची परवानगी घेऊन बाजूनं पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ काढला, दुसऱ्या कुठल्या पोरी त्यात येणार नाहीत असं बघून. घरी तिनं तो बघितला आणि म्हणाली, "अगं आई, मी तर सायकल चालवायलेय!" जे सांगून कळत नव्हतं ते एकदा बघून कळलं. कळल्यावर जमायला पुन्हा बरेच दिवस गेले, ते वेगळं.

बाजूला मान वळवून श्वास घेणं हा त्याहून मोठा डोंगर. पोरं मान वळवत नाहीत, उचलतात. उचलली की पाय गेले. मॅडमची खूण साधी होती, एक गॉगल पाण्यात, एक गॉगल बाहेर. दोन्ही बाहेर आले तर चूक. यासाठी पुन्हा आधार आला, हातात किकबोर्ड, म्हणजे तरंगणारी फळी. मग तो एका हातात. मग बोर्ड अर्ध्या आकाराचा. मग नुसतं दोन बोटांनी धरायचं. मी हे बघितलं आणि मॅडमना नानांच्या कॅनची गोष्ट सांगितली. त्या पहिल्यांदाच मनापासून हसल्या. "आमच्याकडंबी डबाच होता," एवढंच म्हणाल्या. त्या कुठं आणि कशा शिकल्या हे विचारायचं राहून गेलं.

आता गावातल्या नव्या पाण्याबद्दल. २०१६ पासूनच 'मागेल त्याला शेततळे' योजना सुरू झाली. माथ्यावरून खाली बघितलं तर शिवारात जागोजागी काळे चौकोन दिसतात. त्या योजनेतलं मोठ्यात मोठं तळं ३० बाय ३० मीटर आणि तीन मीटर खोल असायचं. पाणी मुरू नये म्हणून आत प्लास्टिकची पन्नी अंथरलेली. द्राक्षं, भाजीपाला, फळबागा जगल्या त्या याच्या जिवावर, त्याबद्दल वाकडं बोलायचं नाही. पण विहिरीला पायऱ्या होत्या, कपारी होत्या, बोटं रुतवायला दगड होता. शेततळ्याला चारी बाजूंनी उतार आणि त्यावर ओली, शेवाळलेली पन्नी. आत घसरलेलं माणूस वर येऊ शकत नाही. पट्टीचा पोहणाराही काठ हातात असून काठावर चढू शकत नाही. हात टेकला की सटकतो, पाय टेकला की सटकतो, आणि तो दमत जातो. दर उन्हाळ्यात पेपरात बातम्या येतात. बऱ्याचदा एक घसरतो, आणि दुसरा त्याला काढायला उडी मारतो.

म्हणून लेकीला मी सांगितलंय की तलावात दोन चकरा मारता येणं म्हणजे शेततळ्याला भ्यायचं कारण संपलं असं नाही. जागतिक आरोग्य संघटना सहा वर्षांवरच्या मुलांना पोहणं शिकवा म्हणते तेव्हा त्याच वाक्यात पाण्याजवळ कसं वागायचं आणि स्वतःला धोका न घालता दुसऱ्याला कसं वाचवायचं हेही शिकवा म्हणते. आमच्या क्लासात हा भाग नव्हता. तो मी घरी घेतला, पोहायला न येणाऱ्या माणसालाही तो शिकवता येतो. बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही तर ओरडणार कुठून? ते गप्प असतं, मान मागं गेलेली, तोंड पाण्याच्या रेषेशी. आपण उडी मारायची नाही. आरडाओरडा करून मोठी माणसं बोलवायची आणि फेकायचं, दोर, साडी, ओढणी, नाहीतर कॅन. रिकामा कॅन वाऱ्यानं भरकटतो. त्यात तांब्याभर पाणी असलं की तो नेमका आणि लांब जातो. आणि बाहेर काढलेल्या माणसाला पालथं घालून पोट दाबायचं नाही. आपल्याकडं अजून तेच करतात. पोटातलं बाहेर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, आणि मोलाची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल तर ज्याला येतं त्यानं आधी तोंडानं श्वास द्यावा, मग छाती दाबावी, दुसऱ्यानं १०८ लावावा.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा दादाच्या शेततळ्याला कुंपण होतं, पण आत काहीच नव्हतं. मी म्हटलं, चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोड, काठावर ट्रकची एक ट्यूब ठेव. "दोरानं पन्नी फाटंल," तो म्हणाला. वहिनी चहाचे कप उचलत होत्या. "पन्नीचं बघू, आपल्याच मळ्यात लेकरं खेळायलेत," एवढंच बोलून त्या आत गेल्या. संध्याकाळपर्यंत दोर आले. खाली घासू नयेत म्हणून त्यांच्याखाली जुनी पोती आली. लेकीनं एकेका दोराला लोंबकळून गाठी तपासल्या आणि एक सैल निघाली ती पुन्हा मारायला लावली.

मग या उन्हाळ्यात दादा लातूरला आला, आणि रविवारच्या फॅमिली बॅचला लेक त्याला हाताला धरून घेऊन गेली. तिथं मला दादाचं पोहणं पहिल्यांदा जवळून, स्वच्छ पाण्यात दिसलं. खोल बाजूला तो अर्धा तास जागच्या जागी उभा पोहला, सहज, गप्पा मारत. सात फुटांच्या तळावरून लेकीचा पडलेला गॉगल पहिल्या बुडीत काढून आणला. यातलं लेकीला काहीही येत नाही, आणि माझ्या मते बुडायची पाळी आली तर फ्रीस्टाइलपेक्षा हेच कामाला येईल. मॅडमना मी सांगून टाकलंय की पुढं तिला जागच्या जागी तरंगत राहायला शिकवा, कपड्यांसकट. दादानं दोन दिवस राहून तिला त्याची सुरुवात करून दिली. पाय बेडकासारखे कसे फिरवायचे ते कठड्याला धरून दाखवलं.

पण आडवं पोहायला लागला की त्याची मान ताठ वर. विहिरीत शिकलेल्या सगळ्यांची असते. पाय खाली, छाती पाण्यावर आपटतेय, पाणी दोन्ही बाजूंना उडतंय. पंचवीस मीटरची दुसरी चक्कर संपेपर्यंत त्याला धाप लागली. लेक कठड्याला टेकून बघत होती.

"मामा, मान खाली घाल की. तोंड पाण्यात."

"नाकात पाणी जातंय."

"फुगे सोडले की नाही जात. घरी चल, शिकवते. बादली आहे."

दादानं तोंडावरचं पाणी निपटलं आणि माझ्याकडं बघितलं. "बादलीत तोंड घालायला मी काय म्हैस हाय का?"

"म्हैस पाणी पिते मामा," लेक म्हणाली, "पाढे नाही म्हणत."